जगदेवभाऊंच्या फोनमार्गे

धम्मरत्न अनसिंगचा. वाशिमच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि उरलेल्या वेळात पीएचडी करायचा. तीही इतकी वर्षं की, पाहुणे आले की जुनं दुखणं विचारावं तशी तिची चौकशी करत. विषय मात्र भला होता. टॉवरनं मान टाकली तरी माणसांच्या खिशातले फोनच एकमेकांकडून निरोप पुढे नेतील. एकच निरोप, एकदम अनेकांना, वेळेत आणि धडधाकट. कॉम्प्युटरवर हे कधीच जमलं होतं. गाइड म्हणाले, खऱ्या गर्दीत दाखवा, मग सही.

म्हणून पोहरादेवीची यात्रा. त्यानं स्वयंसेवकांच्या फोनांत आपलं ॲप टाकलं. नियम सोपा होता: ज्याचा फोन दमदार, बॅटरी भरलेली, निरोप त्याच्याच मार्गे जाणार. ॲपनं चटकन जगदेवभाऊंना निवडलं. भाऊ पुढारी, फोन सगळ्यांत महागडा, पॉवरबँक धरायला वेगळा कार्यकर्ता. बाकीचे फोन ॲपनं हलक्या दर्जाचे ठरवून बाजूला सारले. भाऊंनी मैदानाच्या मधोमध उभं राहायचं कबूल केलं, फोटो काढून घेतला आणि मानोऱ्याला एका उद्घाटनाला निघून गेले. मधला दुवाही त्यांच्याबरोबर गाडीत बसून गेला.

इकडे धम्मरत्ननं मैदानाच्या पुढच्या दारातून निरोप सोडला, मागच्या दाराला पाणी वाढवा. पलीकडे मागच्या दाराच्या पाणपोईवर त्याची आई भागिरथा, तीही स्वयंसेवक, फोन हातात धरून बसली होती. फोन गप्पच राहिला. प्रयोग बघायला आलेले गाइड नेमके तेव्हा रसवंतीत होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात भाऊंचा फोटो झळकला. खाली बातमी, टॉवरविना निरोपाचा प्रयोग यशस्वी. गाइड म्हणाले, कात्रण प्रबंधाला जोडा, मी सही करतो. छापून आलं म्हणजे झालंच, अशी त्यांची शास्त्रीय समजूत होती. धम्मरत्नलाही मोह झाला. कात्रण घेऊन तो आधी आईकडे गेला.

तिनं चष्मा लावून सावकाश वाचलं.

"मंग मले काहून नाई आला निरोप? मी त हात अवघडेपर्यंत फोन धरून बसली होती."

"कोनालेच नाई आला, माय."

"मंग हे छापलं कोनं?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं गाइडांना प्रयोग फसल्याचं कळवलं आणि नियम बदलायला घेतला. फोनच्या ताकदीआधी आता पाहायचं, जागेवर थांबतं कोण. प्रबंधात त्यानं सरळ लिहिलं: पाणपोईवरच्या भागिरथाबाईंना निरोप मिळाला नाही.

गाइडांची सही अजून व्हायची आहे.