भावजींनी उघडलेली गाडी

भावजी गेल्याचा निरोप मला एस्टीच्या कंडक्टरने आणून दिला. मी रत्नागिरीत स्टँडच्या मागेच राहते, त्यामुळे ताईच्या गावचे निरोप नेहमी असेच तोंडी येतात. तो दारात उभा राहून म्हणाला, "बाय, तुमच्या ताईचे यजमान गेले हो. पहाटे, झोपेतच." मला रडू आलं नाही. हा माणूस झोपेत सुटला, कुणाला कसलाही जाब न देता सुटला, एवढंच मनात आलं आणि संताप आला. माणूस गेला की वैर संपतं म्हणतात. महिना उलटून गेला, माझं काही संपलेलं नाही. दिवसकार्याला जमलेल्या लोकांनी भावजींचे गोडवे गायले, ते मी मान खाली घालून ऐकले. आता माझं ऐका.

भावजींची आंब्याची बाग, कातळावरचं घर आणि खळ्याच्या कडेला मांगर. त्या मांगरात त्यांचा पिकअप असे. लष्कराच्या डिस्पोजलमधून घेतलेला, चारही चाकांना ओढ असलेला. गावात दुसरी गाडी नव्हती. कुणाला विंचू चावला, कुणी बाळंतीण अडली, की भावजी ताटावरून उठून गाडी काढत. हे खरं आहे, आणि लोक त्यांना देवमाणूस म्हणत तेही त्यामुळेच. पण ताईला माहेरी यायचं असलं, मंगळागौरीला जायचं असलं, नुसतं गणपतीपुळ्याला दर्शनाला जायचं असलं, की नेमकी त्याच दिवशी गाडी दुरुस्तीला उघडलेली असे. "अगो, आज नाही जमायचं, गाडी उघडलीय," असं ते इतक्या साळसूदपणे म्हणत की ऐकणाऱ्याला त्यांचीच दया यावी. बायकोला "जाऊ नको" असं ते जन्मात एकदाही म्हणाले नाहीत. म्हणायची गरजच पडली नाही.

त्यांचं आवडतं काम म्हणजे ट्रान्स्फरचं तेल बदलणं. गिअरबॉक्सच्या मागे एक दुसरी पेटी असते, पुढच्या चाकांना ओढ तिच्यातून जाते. तिचं तेल वर्षानुवर्षं चालतं म्हणे, पण भावजींच्या हातून ते सारखं बदललं जाई. गॅरेजवाल्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. चाकांना जांभ्याचे चिरे लावायचे, गोणपाट अंथरून खाली सरकायचं, खालचं बूच काढून काळं तेल घमेल्यात सोडायचं, मग वरच्या बुचाच्या भोकातून पंपाने नवं भरायचं. त्या तेलाचा उग्र वास घरभर सुटे. आणि घमेलं कोण धरणार, चिंध्या कोण देणार, चहा कोण आणणार? ताई!

ताई लग्नाआधी डी. एड. झालेली. घरात कुणी लहान नव्हतं, दिवस खायला उठत. शेवटी तिने एका शाळेत अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. मी आदल्या दिवशी मुद्दाम तिच्याकडे मुक्कामाला गेले होते. सकाळची एकच एस्टी होती, ती धरायचं आमचं ठरलं होतं. रात्री जेवताना भावजी म्हणाले, "एस्टीत चेंगरत कशाला जाता? मी सोडतो ना दोघींना." ताईचा चेहरा असा फुलला की मला नको म्हणवेना. सकाळी एस्टी फाट्यावरून गेली, तिचा हॉर्न आम्ही ओसरीवर बसून ऐकला. ताईने इस्त्रीचं पातळ नेसलं, अबोलीचा गजरा माळला, आणि आम्ही मांगरात गेलो... भावजी गाडीखाली होते. घमेल्यात तेल गळत होतं.

"निघण्याआधी म्हटलं जरा तेल बदलून घेऊ," ते खालूनच म्हणाले. "पण वरचं बूच अडकलंय गो. हलत नाही मेलं. आता नवं तेल भरणार कुठून?"

ताई त्या पातळात तशीच उभी राहिली. मग आत जाऊन जुनं लुगडं नेसून आली आणि घमेलं धरायला बसली. मुलाखतीची वेळ टळून गेल्यावर ते बूच पान्याच्या एका झटक्यात सुटलं. संध्याकाळी भावजींनी त्याच गाडीतून शेजारच्या काकांना डॉक्टरकडे नेलं, आणि काकूंनी त्यांना तोंडभरून आशीर्वाद दिले.

त्याच वर्षी गणपतीत त्यांचा एक मुंबईचा नातेवाईक आला. त्यानेही तसलीच गाडी घेतली होती. भावजी त्याला शिकवत होते, "आधी वरचं बूच सुटतंय का ते बघायचं. ते सैल झाल्याशिवाय खालच्याला पाना लावायचा नाही. नाहीतर तेल जाईल आणि गाडी जागची हलायची नाही. मी हे आयुष्यात कधी चुकलेलो नाही."

मी चहाचे कप ठेवत होते. म्हटलं, "कधीच नाही, भावजी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कधीच नाही."

पाहुणा आत गेल्यावर मी सरळ विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही मुद्दाम केलंत?" ते चिडले नाहीत. कपातली साय बोटाने बाजूला करत म्हणाले, "गाडी माझी, तेल माझं, बायको माझी. तू पाहुणी आहेस. मोदक झालेत, जेवून जा." केसाने गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी बघितलं. मी न जेवता निघाले. ताई फाट्यापर्यंत पोचवायला आली, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. घमेलं मीच धरते ना!"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? पुढच्या वेळी चाक काढलं असतं त्यांनी."

तिने पुन्हा अर्ज केला नाही.

आता आमच्या आळीतल्या बालवाडीला बाई हव्या आहेत. मी ताईला विचारलं, ती चटकन हो म्हणाली. परवा तिला आणायला गेले. सकाळची एस्टी धरायची होती, पिकअपचा काही संबंधच नव्हता. कुलूप लावून झालं, पिशवी माझ्या हातात होती. फाट्याकडे वळायच्या आधी ताई थांबली, मांगरात शिरली, गाडीच्या बाजूला गुडघ्यांवर बसली आणि पदर सावरत खाली हात घालून जमीन चाचपली. मी म्हटलं, "ताई, अगो ते गेले." ती म्हणाली, "हो गो, माहीत आहे." मग तिने तळहात उजेडात धरून बघितला. हात कोरडा होता. तरी तिने तो पदराला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला, आणि मगच निघाली.