वावझेकचा वाकडा ट्रॅक्टर

लुडविनाचा जुना ट्रॅक्टर ठेवायचा की मोडीत काढायचा, याचा निकाल लावायला तिचा मुलगा क्लिमेक शनिवारी सकाळी नोवी तार्ग शहरातून आला. खरं तर निकाल त्याने वाटेतच लावला होता. सोमवारी ये म्हणून भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. आईला ते सांगायची हिंमत होईना, म्हणून त्याने तपासणीचं सोंग घेतलं.

सोंग असलं तरी हत्यारं खरी होती. क्लिमेक शहरात ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि त्याच्या हाताला यश आहे, हे त्याचे शत्रूसुद्धा मान्य करतात. त्याने इंजिनाचा दाब मोजला, तो कमी भरला. तेलाचं झाकण उघडलं तर आतून चुलीसारखा धूर. तिसरा गिअर उतारावर आपला आपण सुटत होता, आणि ब्रेक दाबला की ट्रॅक्टर आधी थोडा विचार करायचा आणि मग थांबायचा.

"आई, हे धूड संपलं गं आता."

"संपलं? मग काल खालचं गवत कुणी कापलं, तुझ्या मावशीने?"

"चेष्टा नको. पलीकडच्या वाडीत परवा ट्रॅक्टर उलटून माणूस गेला. आमच्याकडे दुरुस्तीला आला तो ट्रॅक्टर. मी पाहिलाय."

त्याची भीती लुडविनाला कळत होती. पण ट्रॅक्टर गेला की कुरण कापता येणार नाही, कुरण गेलं की दोन्ही गायी जाणार, आणि मग सुट्टीची घरं बांधणारे लोक जमीन मागायला दारात येऊन उभे राहणार, हेही तिला कळत होतं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी खिडकीत बसून परक्यांची घरं बघायची तिची तयारी नव्हती.

आता या ट्रॅक्टरविषयी सांगायला हवं. लुडविनाच्या तरुणपणी कारखान्याचा ट्रॅक्टर आमच्या डोंगरातल्या माणसाच्या नशिबी नव्हता, आणि असता तरी आमच्या उतारांवरून तो पहिल्याच दिवशी गडगडत ओढ्यात गेला असता. म्हणून आमच्या माणसांनी ट्रॅक्टर घरीच बांधले. इंजिन कुठल्याशा पंपाचं, गिअरपेटी लष्कराच्या मोडक्या ट्रकची, पत्रा जिथे हाती लागेल तिथला. अशा घरच्या ट्रॅक्टरला आम्ही 'साम' म्हणतो, आणि कुणाचा साम जास्त कुरूप यावरून भर लग्नात वाद घालतो. लुडविनाच्या नवऱ्याने, वावझेकने, बांधलेल्या सामचा यात पहिला नंबर. मागचं डावं चाक उजव्यापेक्षा चांगलं वीतभर बाहेर. सीट इतकी पुढे की धडधाकट माणसाचे गुडघे स्टिअरिंगला आपटावेत. वावझेकने दारू पिऊन मापं घेतली, असं शेजारचा शिमेक आजही सांगतो. वावझेक उत्तर द्यायला उरला नाही. दगडाच्या खाणीत राबून त्याच्या छातीत धूळ भरली होती. हा ट्रॅक्टर त्याने एका हिवाळ्यात गोठ्यात बसून खोकत खोकत बांधला, आणि पुढच्या हिवाळ्याआधी तो गेला. क्लिमेक तेव्हा रांगत होता.

क्लिमेकने फीत काढून दोन्ही चाकांचं अंतर मोजलं आणि मान हलवली. "बघ, मागच्या चाकांचा आसच वाकडा. बाबांनी सरळ मोजलंच नाही."

"तुझं मोजून झालं असेल तर मी वरचा पट्टा कापून येते," लुडविना म्हणाली. "संध्याकाळी पाऊस आहे."

तो नको नको म्हणेपर्यंत ती चढून बसलीसुद्धा. तिच्यामागे तो धावत कुरणावर गेला. ते कुरण तुम्ही पाहिलं नसेल. गाई तिथे तिरक्या उभ्या राहतात, आणि टोपी पडली तर खालच्या माणसाला हाक मारावी लागते. तिथे त्याची आई खालच्या कडेने, चर्चकडे तोंड करून, आडवी निघाली. उजवीकडची पात्यांची पट्टी चढावरचं उभं गवत घेत होती, डावीकडे सगळा उतार. आता उलटेल, आता उलटेल, असं म्हणत क्लिमेक पाहत राहिला.

ट्रॅक्टर उलटला नाही. साधा डगमगलाही नाही. उताराकडचं ते बाहेर काढलेलं चाक जमिनीला असं धरून चाललं होतं की जणू डोंगराने त्याला स्वतःच्या अंगावर बसवून घेतलं आहे. पट्ट्याच्या टोकाला लुडविना सरळ खाली उतरली, खालच्या सपाट गाडीवाटेने रिकामी परत आली, आणि पुन्हा चर्चकडे तोंड करून कापायला लागली.

क्लिमेकने आजवर शेकडो ट्रॅक्टर उघडून पाहिले होते, पण एका डोंगराच्या एका कुरणासाठी, तेही एकाच दिशेने चालायला बांधलेला ट्रॅक्टर त्याने कधी पाहिला नव्हता.

लुडविना खाली आली तेव्हा तो ओरडलाच, "आई, तू उलट्या बाजूने का नाही कापत?"

"तुझ्या बाबांनी सांगितलं होतं. चर्चकडे तोंड करून जायचं, येताना वाटेने यायचं. का ते विचारलं नाही. धाप लागायची त्यांना बोलताना."

"बाबा किती उंच होते गं?"

"गोठ्याच्या दारातून वाकून जायचे. तुझ्याहून हातभर जास्तच."

क्लिमेक त्या सीटवर बसायला गेला. त्याचेच गुडघे अडकले. त्याच्याहून उंच माणूस तिथे बसूच शकला नसता, आणि सीट मागे घ्यायची सोयच नव्हती. ती वेल्ड करून कायमची पक्की केलेली होती. वावझेकने या ट्रॅक्टरवर स्वतः बसायचा विचार कधी केलाच नव्हता. आपण फार दिवस उरणार नाही, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधीच त्याला ठाऊक होतं. क्लिमेकला रडू आवरेना, आणि त्याने ते आवरलंही नाही.

मग त्याने तिथूनच भंगारवाल्याला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं. "ब्रेक नवे घालणार, गिअरपेटी उघडणार, आणि उलटलाच तर जीव वाचावा म्हणून वरून लोखंडी कमान बसवणार," त्याने आईला बजावलं. "त्याशिवाय चावी देणार नाही. आणि क्लच दाबताना तू सीटवरून निम्मी खाली लोंबकळतेस, ते मी पाहिलंय."

"म्हातारी माणसं आखूड होतात रे."

"पेडलवर लाकडाचा ठोकळा बसवतो. पाय पुढे कर."

लुडविना ओंडक्यावर बसली. क्लिमेक गवतात गुडघ्यावर बसला, तिचा गमबूट धरला आणि टाचेपासून वर फीत लावली. लुडविना हसायला लागली.

"काय झालं?"

"तू पोटात होतास ना, त्या हिवाळ्यात तुझे बाबा असेच शेगडीपाशी बसायचे आणि माझ्या पायावर वीत टाकत जायचे, टाचेपासून कमरेपर्यंत. रोज! मी हातावर चापट मारायची. म्हणायची, छातीत श्वास नाही आणि लाड बघा मेल्याचे..."

बोलता बोलता ती थांबली. ट्रॅक्टरकडे, त्या पुढे सरकवलेल्या सीटकडे ती बघत राहिली, आणि तिचा हात हळूच क्लिमेकच्या डोक्यावर आला.

"मापं घेत होते रे ते," ती म्हणाली.