समितीतले भासरे

आमच्याकडे सून भासऱ्याशी बोलत नाही. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. तो खाकरला की डोक्यावर पदर घ्यायचा आणि आत व्हायचं. माझी खुशी कॉलेजात जायला लागली, तरी माझ्या भासऱ्यांशी, चुन्नीलालजींशी, मी एक शब्द बोलले नव्हते. वाटे झालेले, पण अंगण एकच. त्यांना चहात साखर कमी लागते हेसुद्धा मला जाऊबाईंकडून कळलं.

तशात तिरोड्याजवळच्या आमच्या गावाने मला तलाव समितीची अध्यक्ष केलं. सोबतची माणसं तूच निवड, म्हणाले. गावाशी वैर घे म्हणून सांगण्यासारखंच झालं ते! जुन्या समितीतल्या सगळ्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, तलावाला लागून. त्यांच्याकडे तुडुंब पाणी आणि नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, टोकाला भेगा. टोकाच्या लोकांनी सभेतच सुनावलं, "जुना एकही नोको."

हेमेंद्र, नीतू अशी तरुण नावं मी लगेच घेतली. पण तलावाचं दार किती उघडायचं, नहर कुठे फुटतो, हे पक्कं ठाऊक असलेला माणूस एकच, तोही जुन्या समितीतला, आणि तो माझ्याच अंगणात राहत होता.

नवरा, लीलाधर, म्हणाला, "भाऊले घेशील तं बोलशील कशी? अन् नाही घेशील तं घरात राहशील कशी?"

शहाणाच तो! इकडे आड, तिकडे विहीर, हे मला कळत नव्हतं होय? घरच्या भीतीने नाही, धानाच्या भीतीने मी भासऱ्यांना घेतलं. घरचाच माणूस आणला म्हणून टोकाच्या बायकांनी माझ्याकडे पाहणं सोडलं.

त्या साली पाऊस लवकर गेला. धान निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला आलं आणि टोकाच्या बांध्या कोरड्या. समिती बसली. टोकाला पाणी न्यायचं तर तलावाजवळच्यांनी नहरातून पाणी घ्यायची आपापली तोंडं बुजवायला हवीत. सगळ्यांत पहिलं तोंड भासऱ्यांच्या बांधीचं. मी पदर ओढला आणि भिंतीकडे पाहत नीतूला म्हटलं, "त्याइले सांग..."

हेमेंद्र हसू दाबत होता. दारात टोकाच्या बायका उभ्या होत्या, त्या हसत नव्हत्या.

भासरे उठले. "कोणाले सांगून राहिली? मी इथंच बसलो ना! भासरा घरी. इथं तू अध्यक्ष. सांग मले."

मी भिंतीकडून त्यांच्याकडे वळले. पदर तसाच ठेवून मी म्हटलं, "तुमच्या बांधीचं तोंड आजच बुजवा. पाणी टोकाले जाऊ द्या."

त्यांनी फावडं उचललं आणि सगळ्यांदेखत आपलं तोंड आधी बुजवलं. मग बाकीच्यांना 'आमचं काऊन?' म्हणायची सोयच राहिली नाही. हेमेंद्र आणि नीतूला घेऊन ते नहराने टोकापर्यंत चालत गेले, फुटक्या जागा दाखवत, बुजवून घेत. पाणी पोचलं. टोकाचं धान निसवलं.

मी साफ सांगते, या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी मला बोलतं केलं नसतं, तर मी अध्यक्ष म्हणून भिंतीशीच बोलत राहिले असते.

परत येऊन अंगणात पाय धुता धुता ते म्हणाले, "पोट्टे शिकले आता. पुढच्या साली मले काढ, नवा घे."

"नाही काढत," मी म्हटलं. "बसा गुमान."

जाऊबाई बघतच राहिल्या. आणि भासरे बसले.