जेजुरीची पॅसेंजर

शालूकाकीचं सासर म्हणजे भिलवडीजवळच्या आमच्या गावातलं मोठं ऊसवालं घर, आमच्या भिंतीला भिंत लागून. त्या घरच्या सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत होती. पाणी गडी आणायचा, बांगड्या भरायला कासारीण घरी यायची. आमच्याकडे हळदीकुंकवाला यायचं तरी सासूला, बयाबाईंना, विचारावं लागे आणि त्या बहुतेक वेळा नाहीच म्हणत.

नवरा नाथाजी फौजेत. वर्षातून दोन महिने रजेवर यायचा. पण वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलणं तिथं निर्लज्जपणाचं. तो सोप्यात, ती चुलीपुढं. रजा संपली की दाराआडून त्याची पाठ बघायची.

सत्तर साली त्याला झाशीला क्वार्टर मिळालं आणि तो तिला नि लहानग्या विजयमालेला घेऊन निघाला. पुण्याला गाडी बदलली, मनमाडला बदलली. दर स्टेशनला थांबणारी गाडी, लाकडी बाकं. पण त्या डब्यात त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. डोक्यावरचा पदर घसरला, तर तो वर घे म्हणणारंही कुणी नव्हतं. नाथाजी शेजारी बसून नद्यांची नावं सांगत होता, संत्रं सोलून देत होता. त्याला दिवसाउजेडी हसताना तिनं तिथं पहिल्यांदा पाहिलं. त्याचा पुढचा दात थोडा तुटलाय, हे लग्नाला चार वर्षं झाल्यावर तिला त्या गाडीत कळलं. झाशी येऊच नये असं वाटलं, असं ती मला म्हणाली होती.

एकाहत्तरला लढाईची चिन्हं दिसू लागली, तशी कुटुंबं गावी पाठवली. शालूकाकी पुन्हा त्या घरात आली.

तो पेन्शनीत येईल, मग सगळं बदलेल, या आशेवर तिनं पाच वर्षं काढली. शहात्तर साली तो आला आणि बापाशेजारी सोप्यात बसला. बापू, म्हणजे तिचे सासरे, बोलतील तेवढ्याला मान हलवायचा. आता रजा संपण्याचाही प्रश्न नव्हता. हे असंच जन्मभर चालणार, हे तिच्या ध्यानात आलं.

एका संध्याकाळी तो गोठ्यात एकटा दिसला, तेव्हा ती म्हणाली, “आवं, मला एकदा गाडीत बसवा.”

“कुटं जायाचं हाय?”

“कुटंबी न्हाई. नुसतं तुमच्याशेजारी बसायचं हाय.”

त्यानं गव्हाणीत वैरण टाकली. पण थोड्या दिवसांनी जेवताना त्यानं बापूंना सांगितलं, की लढाईत आपण जेजुरीच्या खंडोबाला जोडीनं येण्याचा नवस बोललो होतो. साफ खोटं होतं ते. देवाचं नाव निघाल्यावर बापू अडवणार कसे? फक्त म्हणाले, म्हातारीलाही संगं न्या.

विजयमालेला आमच्याकडे ठेवून तिघं निघाली. भिलवडीला पॅसेंजरमध्ये चढल्यावर बयाबाई नेमक्या दोघांच्या मधे बसल्या. कऱ्हाड गेलं, कोरेगाव गेलं, कुणी बोललं नाही. शालूकाकीचा पदर कपाळापर्यंत. गाडीत बसूनही आपण घरातच आहोत, असं तिला वाटत राहिलं.

वाठारला समोरून येणाऱ्या गाडीसाठी पॅसेंजर थांबली ती हलेचना. नाथाजी चहा आणायला उतरला. बयाबाईंनी बाहेर बघत विचारलं, ह्याच्या पलीकडं काय आहे? शालूकाकी सांगत गेली – लोणंद, पुणं, मनमाड, नर्मदेचं पाणी, झाशी.

“तितं बाजारला एकलीच जायाचीस?”

खोटं बोलावं असं तिला वाटलं, पण ती “व्हय, आत्याबाई,” म्हणाली आणि बोलणी खायच्या तयारीनं खाली बघत बसली.

पण बयाबाई म्हणाल्या, “मी बारा वर्साची हुते ह्या घरात आले तवा. ताकारीच्या म्होरं आजच आले बग.” मग त्या उठल्या, सुनेला मधे सरकवलं आणि स्वतः खिडकीशी बसल्या. नाथाजी चहा घेऊन आला तो बायकोशेजारी बसला. जेजुरीपर्यंत तिघं तशीच गेली.

घरी आल्यावर काही बदललं नाही. दुसऱ्याच दिवशी पदरावरून बयाबाई तिला बोलल्या. पण नवस फिटला का, असं बापूंनी विचारलं, तेव्हा त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “एका खेपंत कुटं फिटतोय? पाच वर्सं बोललाय त्यो.” नाथाजीनं मान वर केली नाही.

पुढची दोन वर्षं तिघं गेली. चौथ्या वर्षी बापूंना अर्धांगवायू झाला. त्यांना कुशीवर वळवायलाही दोघी लागत. सासूसुनेला घरातून हलता येईना. नवस मोडायला नको म्हणून बापूंनीच अडखळत नाथाजीला एकट्याला जायला सांगितलं. तो पिशवी घेऊन निघाला, तर बयाबाई दारात आडव्या उभ्या.

“नवस तिगांचा हाय,” त्या म्हणाल्या.

त्यानं पिशवी खाली ठेवली. त्या साली कुणीच गेलं नाही, आणि बापू पुढं सहा वर्षं अंथरुणाला होते.