बाणाचं टोक कुणीकडे

त्याला सगळे पाणसळ म्हणत. पाणसळ म्हणजे गवंड्याची ती काचेची नळी बसवलेली पट्टी, जिच्यातला बुडबुडा मधोमध आला की समजायचं, जागा सपाट आहे. हा माणूस तसली पट्टी न लावताच सांगायचा. नुसता उभा राहायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "त्या कोपऱ्यात दोन बोटं माती जास्त आहे." इंजिनिअर लोक तिपाईवरची दुर्बीण लावून बघायचे, तर खरंच दोन बोटं निघायची. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोही चिडली की याच नावाने हाक मारायची.

एकतीस वर्षं त्याने दुसऱ्याचं ग्रेडर, म्हणजे पात्याने माती कापून सपाट करायचं मशिन, चालवलं. खेळाची मैदानं, गोदामांची अंगणं, वसाहतींचे रस्ते, सगळ्यांखालची जमीन त्याच्या हातून गेली होती. पण वर इमारत उभी राहिली की खालच्या जमिनीकडे कोण बघतं? त्याला त्याचं काही वाटायचं नाही. मालक म्हणेल तिथे माती कापायची, म्हणेल तिथे टाकायची, वर रोलर फिरवायचा आणि घरी जायचं. कागदपत्रं मालकाच्या कपाटात असत. पाणसळने ते कपाट कधी उघडलेलं नव्हतं.

मग मालक थकला. मुलांना मातीच्या धंद्यात रस नव्हता. त्याने एक दिवस ग्रेडरची किल्ली पाणसळच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "आता हे तूच घे. हप्त्याहप्त्याने दे. आणि दवाखान्याच्या जागेचं काम माझ्या नावावर आलंय, तेही तूच कर. तुझ्या नावाने करार करायला सांगतो बांधकाम कंपनीला."

अशा रीतीने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पाणसळ ठेकेदार झाला. करारनामा एक्केचाळीस पानांचा होता. प्रत्येक पानावर खाली सही करायची होती. बत्तिसाव्या पानाशी त्याची बोटं आखडली, तेव्हा कचेरीतल्या माणसाने त्याला पाणी आणून दिलं. वाचायला मात्र कुणी सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

जागा चांगली होती. मधोमध दवाखान्याची दुमजली इमारत, भोवती अंगण. पश्चिमेला रस्ता आणि रस्त्याकडेचं गटार. पूर्वेला एक बसकं घर, त्यात एक शिलाईवाल्या बाई राहायच्या. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन लांब. पुढच्या खोलीत दोन मशिनं आणि जमिनीवर कपड्यांचे ढीग. काम सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी कुंपणावरून विचारलं होतं, "भाऊ, धूळ किती दिवस?" पाणसळ म्हणाला, "तीन आठवडे, ताई." तेवढीच ओळख.

साइटवरच्या इंजिनिअरने नकाशा बघून खुंट्या ठोकून दिल्या. प्रत्येक खुंटीवर लाल रंगाची खूण, त्या खुणेपर्यंत माती भरायची. पाणसळने खुंट्यांवरून नजर फिरवली आणि त्याला काहीतरी चुकतंय असं वाटलं.

"साहेब, उतार पूर्वेला पडतोय. गटार तर पश्चिमेला आहे."

"नकाशात बाण पूर्वेलाच आहे, काका. हा बघा."

बाण होता खरा. लांबलचक, टोक बाईंच्या घराकडे, आणि वर लिहिलेलं, शंभराला एक. पाणसळने मान हलवली. शिकलेल्या माणसांनी काढलंय, त्यामागे काहीतरी हिशेब असेल. जमिनीखालून नळ टाकणार असतील. आपल्याला काय ठाऊक? तो मशिनवर चढला.

दहा दिवसांत अंगण तयार झालं. भराव दाबून बसवायला पाणी मारावं लागतं, म्हणून टँकर आला. टँकरवाला नळी सोडून पलीकडे गप्पा मारायला गेला, आणि तेवढ्यात जे व्हायचं ते झालं. पाणी अंगणभर पसरलं, क्षणभर थबकलं आणि सरळ पूर्वेकडे निघालं. कुंपणाच्या खालून, बाईंच्या पायरीवरून, उंबऱ्याच्या आत.

बाई ओल्या कापडांचा गठ्ठा छातीशी धरून बाहेर आल्या. कुठल्यातरी कारखान्याचे तीस गणवेश होते, अर्धे शिवलेले. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "हे असंच राहणार का?"

पाणसळने बूट काढले, आत जाऊन खराटा घेतला आणि खोलीतलं पाणी बाहेर लोटायला लागला. लोटलेलं पाणी पायरीशी जायचं आणि परत आत यायचं. बाहेरची जमीनच आता आतल्यापेक्षा उंच झाली होती, आणि ती त्यानेच केली होती, अगदी एकसारखी, कुठे बोटभरही वरखाली नाही. इतकं नीटस काम आणि इतकं उलटं! त्याला स्वतःच्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना.

इंजिनिअर म्हणाला, "पाण्याची जबाबदारी तुमची, काका. करारात आहे."

"पण उतार तर तुम्ही सांगितलात तसाच केला."

"तेही करारातच आहे. नकाशाप्रमाणेच करायचं."

पाणसळ घरी आला आणि करारनामा पहिल्यांदा उघडला. दोन ओळींतच त्याचं डोकं गरगरायला लागलं. सून विम्याच्या कचेरीत कामाला होती, कागदांशी तिचा रोजचा संबंध. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती पेन्सिल घेऊन बसली आणि तो समोर, शाळेत नापास झालेल्या पोरासारखा.

"कलम अकरा," तिने वाचलं. "काम नकाशाबरहुकूम करावे, तसूभरही फरक करू नये."

"बरोबर. तेच केलं."

"कलम एकोणीस. शेजारच्या हद्दीत पाणी जाणार नाही, याची संपूर्ण जबाबदारी ठेकेदाराची."

"म्हणजे नकाशासारखं केलं तर एकोणीस मोडतं, आणि नाही केलं तर अकरा?"

"हो, बाबा."

"मग मी करायचं काय?"

"थांबा, कलम तीन बघा. ठेकेदाराने सर्व नकाशे पूर्णपणे समजून घेतले आहेत, असे गृहीत धरले जाईल."

पाणसळने तिच्या हातातला कागद आपल्याकडे ओढला. "कुणी धरलं गृहीत? मला विचारलं का?"

गॅसपाशी उभी असलेली बायको म्हणाली, "तुम्हाला समजतं असं गृहीत धरूनच मीही लग्न केलं होतं." सून हसली. त्याला मात्र हसावं की नाही, तेही कळेना.

शेवटी सुनेला कलम सव्वीस सापडलं. नकाशात आणि अटींत विसंगती आढळली तर सात दिवसांत लेखी कळवावे, आणि उत्तर येईपर्यंत त्या भागातले काम थांबवावे. पाणी घुसून पाच दिवस झाले होते.

"पत्र लिहू या. सांगा, काय कळवायचं?"

"लिही, मला काही कळत नाही."

"असं नाही लिहीत, बाबा."

"पण तेच तर कळवायचंय!"

अखेर पत्र झालं ते असं: कलम अकराप्रमाणे वागल्यास कलम एकोणीस मोडते, आणि एकोणीसप्रमाणे वागल्यास अकरा मोडते. तरी मी कोणते कलम मोडावे, हे कृपया लेखी कळवावे. खाली सही. सुनेने बजावून सांगितलं की दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही. त्याने शिक्का मारून घेतला आणि ती प्रत घडी करून खिशात ठेवली.

चार दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. आपले पत्र मिळाले. नोंद घेतली. करारातील सर्व अटींचे पालन करावे.

पाणसळने ते तीनदा वाचलं. नोंद घेतली म्हणजे नेमकं काय घेतलं? हे उत्तर धरायचं की नाही? काम थांबवलेलं ठेवायचं की सुरू करायचं? इंजिनिअर फोनवरून ओरडत होता, "काम थांबवायला कुणी सांगितलं तुम्हाला?" हा म्हणत होता, "कागदाने." तिकडे बाईंनी उंबऱ्यावर विटांचा बांध घातला होता आणि गिऱ्हाइकं तो ओलांडून आत येत होती.

त्याला कात्रीत सापडल्यासारखं झालं. मग त्याने एक साधी गोष्ट केली. नकाशाच्या कोपऱ्यात तो काढणाऱ्या आर्किटेक्ट मॅडमचा पत्ता होता. त्या पत्त्यावर तो जाऊन बसला. दीड तासाने मॅडमनी आत बोलावलं.

"मॅडम, एवढंच सांगा, पाणी त्या बाईंच्या घरात का सोडलंत?"

"मी? पाणी रस्त्याच्या गटाराला जातंय. नकाशात स्पष्ट आहे."

"बाण तर पूर्वेला आहे."

"हो, मग? पूर्वेला चढ."

"चढ?"

"बाण चढाकडे असतो. जिन्याला कसा दाखवतात? वर जाणारा. आमच्याकडे सगळीकडे तसाच."

पाणसळने खुर्चीचा हात घट्ट धरला. "आमच्याकडे पाणी जातं तिकडे बाण असतो, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि नकाशाकडे पाहत राहिल्या. त्या कागदावर उंचीचे आकडे कुठेही नव्हते. फक्त तो एक बाण होता.

दुसऱ्या दिवशी साइटवर मॅडम आणि इंजिनिअर यांची चांगलीच जुंपली. त्या म्हणत, बाण बघून विचारायचं होतं. तो म्हणे, बाण असा काढतच नाहीत. दोघंही आपापल्या जागी खरे वाटत होते, आणि दोघंही मधूनमधून कलम तीनवर यायचे, की ठेकेदाराला नकाशा समजलेला होता. ऐकून ऐकून पाणसळ मध्येच म्हणाला, "तुम्ही दोघं एवढी शिकलेली माणसं. तुम्हाला एकमेकांचा एक बाण समजला नाही. आणि मला समजला होता, असं कागद म्हणतो. खरं सांगतो, मला अजूनही समजलेला नाही."

त्याने खिशातली पत्राची प्रत पुढे केली. मॅडमनी ती वाचली, पोचेचा शिक्का बघितला, तारीख सात दिवसांच्या आतली आहे हे बघितलं आणि इंजिनिअरला दाखवली. त्यानंतर कुणी आवाज चढवला नाही. आठवड्याभरात नवा नकाशा आला. त्यावर प्रत्येक कोपऱ्याची उंची आकड्यांत होती आणि बाण एकही नव्हता. कामाची मुदतही वाढली.

पाणसळने पश्चिमेला चढवलेली माती कापली, ती पूर्वेला आणून टाकली, सगळं उलटं केलं. आपलंच चांगलं काम आपल्याच पात्याने खरवडताना त्याने मशिन थांबवलं नाही. शेवटी टँकर बोलावला. या वेळी नळी त्याने स्वतःच्या हातात धरली. पाणी पसरलं, थबकलं आणि पश्चिमेला वळलं. कुंपणापलीकडे बाई उभ्या होत्या. पाणी गटारात पडल्याचा आवाज आला, तेव्हा त्या आत गेल्या आणि बांधाच्या विटा एकेक करून उचलायला लागल्या. तोही गेला मदतीला.

"तुमचीच चूक होती का हो, भाऊ?" त्यांनी सहज विचारलं.

तो खाली ठेवलेल्या विटेकडे बघत राहिला. "तेच शोधतोय, ताई."

काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला. सुनेने तो वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली. "बाबा, यात एक वर्षाची हमी आहे. वर्षभरात जमीन खचली किंवा पाणी साचलं तर तुम्हीच जबाबदार."

"पण ताबा तर त्यांना दिला."

"जमीन त्यांची झाली. उतार अजून तुमचा आहे."

हे काही केल्या त्याच्या गळी उतरेना. तरी महिन्यातून एकदा तो तिकडे चक्कर मारू लागला. दवाखाना सुरू झाला होता. पहिल्याच खेपेला पहारेकऱ्याने त्याला दारात अडवलं आणि विचारलं, कुणाला भेटायचंय? पाणसळ अडखळला. अंगण बघायला आलोय, हे सांगायचं कसं? पहारेकऱ्याने त्याच्या गोंधळलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता हातात टोकन दिलं, एकोणचाळीस नंबरचं. समजावत बसण्यापेक्षा सोपं म्हणून पाणसळ रांगेतल्या बाकावर जाऊन बसला. तिथून सगळं अंगण दिसत होतं. नुकतीच कुणीतरी फरशी धुतली होती आणि तिचं पाणी हळूहळू रस्त्याकडे चाललं होतं. आत सव्वीस नंबर पुकारला गेला. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"कळत नाही," पाणसळ म्हणाला.