दारावरची होड्यांची यादी

जेट्टीजवळच्या मासळी नोंदणीच्या खोलीत नोंदी ठेवणाऱ्या एक बाई बसतात. संगणकावर आलेलं काहीही आधी मोठ्याने वाचतात आणि मगच त्यावर विश्वास ठेवतात. ‘आर’ ही आकडेमोडीची भाषा त्यांना मीच शिकवली, पण माझी गतही संगणकासारखीच: माझ्यावरही त्या लगेच विश्वास ठेवत नाहीत.

दर सोमवारी कुठल्या होडीने किती मासळी उतरवली, याची यादी त्या ‘आर’मधून जशीच्या तशी छापून दारावर लावतात. प्रत्येक नावाआधी ‘आर’ डॉलरचं चिन्ह छापतं; ‘जलपरी’ला तेवढंच. ‘दर्याची राणी’ या नावात मोकळी जागा आहे, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना बारीक तिरक्या टिकल्या येतात.

“डॉलरचं चिन्ह सगळ्यांना आणि टिकल्या ठरावीक लोकांना. हा कुठला न्याय, सर?”

मी नियम सांगतो. त्या फक्त “हं” म्हणतात. शिकवण्यात जन्म गेला, पण इतकं अवघड “हं” मी ऐकलेलं नाही.

परवा एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, यादीसमोर अडून उभे राहिले. “मॅडम, टिकल्या आमचेच होरीला कनाला? जाली तपासाला येनार काय?” टिकल्या म्हणजे जाळी तपासायची सरकारी खूण, असं त्यांना वाटलं होतं. मागे आणखी तिघे, सगळे दोन शब्दांच्या नावाच्या होड्यांचे मालक.

बाईंनी नियम सांगितला नाही. पेन काढलं आणि उरलेल्या सगळ्या नावांना हाताने टिकल्या देऊन टाकल्या. तांडेलांनी यादी बोट फिरवून तपासली आणि समाधानाने निघून गेले.

“‘आर’मध्ये दोन ओळी लिहिल्या असत्या, तर छपाईच एकसारखी झाली असती,” मी म्हणालो.

“लिहीन की उद्या. पण ते आज उभे होते ना, सर.”

“हं,” मी म्हणालो.