सगळ्यांचा श्वास वीस

"मोजा बरं माझे," सर म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. "प्रॅक्टिसची डॉक्टरेट आहे ना? मग करा प्रॅक्टिस."

सभागृहात समितीचे नऊ जण होते. पडद्यावर माझ्या प्रबंधाच्या विषयाची पहिली पाटी होती: वॉर्डातल्या रुग्णांचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजणे. मी त्याच्या पुढे एक वाक्यही बोलले नव्हते.

"श्वास मोजायला डॉक्टरेट!" हे सरांचं आधीच म्हणून झालं होतं. "उद्या सिस्टर लोक चादर बदलतील, मग काय द्यायचं? पद्मश्री?"

सगळे हसले. माझ्या मार्गदर्शक मॅडमही हसल्या. तोंडावर रुमाल धरून, पण हसल्या.

सर आमच्या संस्थेतले सर्वांत ज्येष्ठ सर्जन. समितीचे अध्यक्ष. मी त्यांच्या खुर्चीजवळ गेले. मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. सर शेजारच्यांशी चाकण चौकातल्या ट्रॅफिकबद्दल बोलू लागले. बोलता बोलता हसत होते. हसताना त्यांचं पोट टेबलाला लागत होतं. सेकंदकाटा फिरत होता. मी काहीच मोजत नव्हते. माझे डोळे भरून आले होते आणि काटा मला दिसतही नव्हता.

"हं, किती?"

"वीस, सर."

"बघा. नॉर्मल. म्हणजे आहे मी अजून." त्यांनी टेबलावर थाप मारली. "झाली डॉक्टरेट. पेढे आणा."

मी जागेवर जाऊन बसले.

ही डॉक्टरेट काय आहे ते सांगायला हवं. नर्सिंगमध्ये पीएचडी आहे. आमच्याकडे बहुतेक जणी ती शिकवण्याच्या नोकरीसाठी करतात. ती मिळाली की बाई वॉर्डातून वर कॉलेजात जाते. पुन्हा खाली येत नाही. आमच्या संस्थेने ठरवलं की एक वेगळी डॉक्टरेट सुरू करायची. तिचा प्रश्न वॉर्डातून यावा, काम खाटेशेजारी व्हावं आणि शेवटी वॉर्डात काहीतरी बदललेलं दिसावं. तिचे निकष ठरवायला समिती नेमली. नऊ जणांत दोन परिचारिका. दोघींनीही रुग्णाला हात लावून कित्येक वर्षं झालेली. बाकी सात डॉक्टर. नर्सिंगच्या कामात डॉक्टरेटच्या तोलाचं काय आहे, हे ते सात जण ठरवणार होते.

निकषांचा मसुदा मी घरी आणून वाचला. मी सावकाश वाचणारी बाई आहे. चार वेळा वाचला. त्यात एक निकष होता की विद्यार्थिनीने स्वतःच्या रोजच्या कामातल्या चुकीपासून सुरुवात करावी. ते कुणी लिहिलं मला माहीत नाही. लिहिणाऱ्याला बहुधा वाटलं नसेल की कुणी ते खरं मानेल.

माझ्याकडे चूक होती.

आमचं घर कुरुळीला. आजोबांच्या शेतावर कारखाने आले आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यातल्याच एका कंपनीत फोर्जिंगला, तापलेलं लोखंड ठोकायच्या खात्यात, लागले. पंचवीस वर्षं झाल्यावर कंपनीने त्यांना घड्याळ दिलं. त्यांनी ते एक दिवसही घातलं नाही. मी नर्सिंगची परीक्षा पास झाले तेव्हा डबीसकट माझ्या हातात ठेवलं. "तुला सेकंदकाटा लागतो म्हनं. घे. मला काय, मला भोंगा हाय."

ते घड्याळ मी रोज घातलं. आणि रोज, न मोजता, वीस लिहिलं.

आमच्या कामातली ही रीत बाहेरच्याला माहीत नसते. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक कागद अडकवलेला असतो. त्याला आम्ही टीपीआर शीट म्हणतो. ताप, नाडी आणि श्वास. ताप यंत्र सांगतं. नाडी यंत्र सांगतं. श्वास कुणीच सांगत नाही. तो रुग्णाच्या छातीकडे बघत, गप्प उभं राहून, मिनिटभर मोजावा लागतो. दोघी जणी आणि बत्तीस रुग्ण असले की ते मिनिट कुठून आणायचं? राउंडला डॉक्टर ताप विचारतात, बीपी विचारतात, लघवी किती झाली विचारतात. श्वास विचारत नाहीत. म्हणून सगळ्यांचा श्वास वीस. म्हाताऱ्याचा वीस, तरण्याचा वीस, ऑपरेशनहून आलेल्याचा वीस. वीस हा आकडा सोयीचा. नॉर्मलमध्ये बसतो आणि अगदी काठावर असल्याने खराही वाटतो.

आप्पांना ताप आणि खोकला होता. मी त्यांना आमच्याच रुग्णालयात आणलं. दुसऱ्या मजल्यावर पुरुषांचा वॉर्ड. मी चौथ्या मजल्यावर सर्जरीच्या वॉर्डात. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेले. आप्पा उठून बसले होते.

"पोरी, दम पुरंना."

मी खाटेच्या पायथ्याचा कागद उचलला. ताप उतरत होता. श्वासाच्या रकान्यात वीस, वीस, वीस, वीस.

"आप्पा, सगळं नॉर्मल आहे. पडून राहा. घाबरल्यासारखं होतंय तुम्हाला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"व्हय का? तू म्हनतीस तर आसंल."

आणि ते पडून राहिले. ज्याला दम लागतो त्याने आडवं होऊ नये, हे मी विद्यार्थिनींना शिकवते. आप्पा आडवे झाले, कारण त्यांच्या शिकलेल्या मुलीने सांगितलं. मी त्यांच्या छातीकडे पाहिलं नाही. कागदाकडे पाहिलं. मग वर जाऊन डबा खाल्ला.

चार वाजता आईचा फोन आला. मी जिन्याने धावत उतरले. आप्पा गुडघ्यांवर हात टेकून पुढे वाकले होते. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. मी त्यांच्याच घड्याळावर मोजलं. पूर्ण मिनिट. बेचाळीस.

संध्याकाळी ते गेले.

तेरावं झाल्यावर मी कामावर आले आणि आधी रेकॉर्ड रूममधून ती शीट काढली. दिवसपाळीच्या प्रत्येक वीसपुढे एकच सही होती, सुरेखाची. सुरेखा परभणीकडची. माझ्याच हाताखाली शिकलेली. मी भांडायच्या तयारीने गेले. ती कपडे बदलायच्या खोलीत पिना लावत होती.

"तू मोजला होतास?"

"नाही, ताई."

"मग वीस कुठून आणलंस?"

तिने पिना खाली ठेवल्या. "तुम्हीच सांगितलं होतं ना, ताई. पहिल्या दिवशी. बीपी नीट बघ, ताप नीट बघ, श्वास वीस लिही. कोणी विचारत नाही."

टोमणा मारायचा म्हणून ती बोलली नव्हती. ती रडत होती. आणि मला ते आठवलं. जागा आठवली, तिच्या हातातलं नवं कोरं पेन आठवलं. माझ्या सीनियरने मला हेच सांगितलं होतं. मी ते पुढे दिलं. आप्पांच्या कागदावरची सही सुरेखाची होती, पण आकडा माझा होता.

म्हणून हा विषय. दुसरा विषय माझ्याकडे नव्हता.

आणि त्या सभागृहात, नऊ जणांसमोर, मी काय केलं? सरांनी हसत छाती पुढे केली आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच आलं. वीस, सर. आप्पा जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभर मी याच गोष्टीवर वाचत होते. आणि मोठ्या माणसासमोर उभी राहिले तेव्हा मोजायचं सोडून त्याला हवं ते बोलले.

घरी जाताना बसमध्ये भोसरीपर्यंत मला सरांचा राग येत होता. मोशी मागे पडली तेव्हा तो राग माझ्याकडे वळला होता. त्यांनी अपमान केला हे खरं. पण त्यांना खोटा आकडा मी दिला. आम्ही त्यांना कायम तोच देत आलो. त्यांनी कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी सांगितलं नाही. म्हणून त्यांना आमच्या कामात मोजण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं.

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस. सर तसेच आहेत. विषय बदल. शंभर परिचारिकांना प्रश्नावली दे. श्वास मोजण्याबद्दलचं ज्ञान आणि दृष्टिकोन. सहा महिन्यांत होईल."

"मॅडम, ज्ञान सगळ्यांना आहे. मलाही होतं."

"मग?"

"मोजत कोणी नाही."

"हे तू लिहिणार?" त्यांनी दार लोटून घेतलं. "संस्थेच्या नोंदी खोट्या आहेत, असं?"

"माझ्या खोट्या आहेत, असं."

"सही माझी लागते त्यावर," मॅडम म्हणाल्या.

तीन महिन्यांनी पुन्हा तीच समिती. तेच सभागृह. विषय बदलून आणा, असं त्यांनी सांगितलं होतं. मी तीच पाटी पडद्यावर लावली.

"अजून श्वासच?" सर म्हणाले. "सिस्टर, आम्ही म्हातारे होऊ हो."

"सर, मागच्या वेळी तुम्ही मला तुमचा श्वास मोजायला सांगितला होता. मी वीस सांगितला. मी मोजला नव्हता."

हसू थांबलं नाही. हळूहळू कमी झालं.

"मी तो आकडा मनाने सांगितला. वॉर्डातही मी तोच लिहीत आले. दुसऱ्यांना लिहायला शिकवला. माझे वडील इथेच दुसऱ्या मजल्यावर वारले. शेवटच्या दुपारपर्यंत त्यांच्या शीटवर वीस होतं. मी मोजला तेव्हा बेचाळीस होता. मसुद्यात लिहिलं आहे की स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करावी. ही माझी चूक. आज मला मोजू द्या. एक मिनिट कुणी बोलू नका."

मी घड्याळ समोर धरलं आणि सरांच्या छातीकडे पाहिलं. या वेळी डोळे कोरडे होते. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. एक. दोन. तीन. चार.

"पण हे बघा, मूळ मुद्दा असा आहे..."

"सोळा सेकंद झाले, सर. तुम्ही बोललात. मला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही मला गप्प बसायला सांगताय?"

"हो, सर. त्याशिवाय मोजता येत नाही."

त्यांनी फाईल मिटली. "नेक्स्ट," म्हणाले. मागे बसलेली पुढची विद्यार्थिनी अर्धवट उठून उभी राहिली. कुठे बघावं तिला कळेना. मी घड्याळ खाली घेतलं आणि बाहेर आले.

आठ दिवसांत दोन कागद मिळाले. पहिला समितीचा: विषय मूलभूत कौशल्याचा असून डॉक्टरेटच्या दर्जाचा नाही. पुढच्या बैठकीआधी प्रश्नावलीवर आधारित विषय द्यावा, अन्यथा तुकडीतून नाव कमी होईल. दुसरा रुग्णालयाच्या कार्यालयाचा: नोंदींबाबत समितीपुढे केलेल्या विधानाचा लेखी खुलासा करावा. कोणी, कधी, कोणत्या रुग्णांच्या नोंदी न मोजता केल्या, त्यांची नावं द्यावीत.

सुरेखाला त्याचा सुगावा लागला. तिची जिन्यात गाठ पडली.

"ताई, माझं नाव घालू नका हो. घरात मी एकटीच कमावते."

"नाही घालणार."

"आणि तुमचं?"

मी तिला वाट दिली. ती जिना चढून गेली. वॉर्डात आता ती मोजते का, मी विचारलं नाही. बत्तीसचे एकतीस झालेले नाहीत, आणि दोघींच्या तिघी झालेल्या नाहीत.

मी मोजते. पूर्ण मिनिट. त्यामुळे माझी औषधं उशिरा होतात आणि मला बोलणी बसतात. परवा एकाचा चौतीस आला. फोन केला तर वॉर्डाचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आधीच्या शीटवर वीस आहे ना? मग?" मी म्हटलं, "तो खोटा आहे, या." ते आले. चिडून आले, पण आले.

खुलासा मी तीन दिवस लिहिला. तो एका पानाचा आहे. त्यात एकच नाव आहे आणि ते माझं आहे. कोणत्या रुग्णांच्या नोंदी, याच्यापुढे मी लिहिलं: नोकरीला लागल्यापासून सगळ्यांच्या. खाली आप्पांच्या शीटची प्रत जोडली आहे, सह्यांचा रकाना झाकून. यामुळे नोकरी जाऊ शकते, हे मला ठाऊक आहे. मॅडमनी सही केलेली नाही. त्यांच्या सहीची जागा कोरी ठेवूनच मी प्रस्ताव पुन्हा दाखल केला आहे.

विषय तोच आहे. शीर्षकात एक अक्षर बदललेलं नाही. त्यांनी तुकडीतून नाव काढलं तर पुढच्या तुकडीला मी हाच विषय घेऊन अर्ज करेन. डॉक्टरेटच्या दर्जाचं काय आणि काय नाही, हे खाटेपाशी कधी मिनिटभर गप्प न उभ्या राहिलेल्यांनी ठरवायचं, हे मला यापुढे मान्य नाही.

बैठक पुढच्या महिन्यात आहे. मी घड्याळ घालून जाणार आहे. कुणी मध्ये बोललं, तर पुन्हा पहिल्यापासून मोजणार आहे.